सुरकुती सोडू नका

एक ब्याडगी मिरची घ्या. सुकलेली, देठासकट, न मोडलेली. आम्हा हुबळीकरांना ती शोधत हिंडावं लागत नाही. ब्याडगी गाव आज हावेरी जिल्ह्यात असलं, तरी १९९७ साली हावेरी वेगळा होईपर्यंत ते आमच्याच धारवाड जिल्ह्यात होतं. तुम्ही पुण्यात असा, पणजीत असा, चांगल्या किराणा दुकानात ती मिळेल. मिळाली की लगेच तिच्याकडे बघू नका. पिशवीतच राहू द्या आणि आधी एका कागदावर मनानं मिरची काढा.

काय आलं? देशपांडे नगरातल्या माझ्या घरी रविवारी सकाळी चित्रकलेचा वर्ग भरतो. आठवीतल्या मुलांपासून साठीतल्या काकूंपर्यंत दहा-बारा जण येतात, निम्मे घरी मराठी बोलणारे, निम्मे कन्नड. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या कागदावर एकच मिरची उतरते. चंद्रकोरीसारखी वाकलेली, दोन्ही कडा गुळगुळीत, वर टोपी आणि टोपीला देठ. पाकिटांवरून, पाट्यांवरून ती आपल्या डोक्यात येऊन बसलेली असते. आता पिशवीतली मिरची बाहेर काढून तिच्या शेजारी ठेवा. ब्याडगी कशी ओळखायची हे बाजारात कुणालाही विचारा. रंग गडद लाल, तिखटपणा बेताचा आणि अंगभर सुरकुत्या. गुंटूरची मिरची त्यामानानं गुळगुळीत. म्हणजे ब्याडगीची ओळख सुरकुतीत आहे, आणि आपण काढलेल्या चित्रात नेमकी तीच नाही.

ती सुरकुती कागदावर आणायचा मार्ग म्हणजे कॉन्टूर रेखाटन. शाळेत आपण ज्याला आउटलाइन म्हणतो ते हे नव्हे. आउटलाइन म्हणजे वस्तूची सावली भिंतीवर पडावी तसा बाहेरचा आकार. कॉन्टूरची रेषा बाहेरच्या कडेवरून निघते आणि कड जिथं आत वळते तिथं तिच्याबरोबर आत शिरते. देठाची टोपी संपून अंग सुरू होतं ती कड, सुरकुतीचा काठ, मिरची पिळली गेली असेल तर त्या पिळाची घडी, हे सगळं तिच्यात येतं. भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषा आठवतात? इंग्रजीत त्यांनाही कॉन्टूरच म्हणतात, आणि हे निव्वळ नावाचं साम्य नाही. ही पद्धत वर्गावर्गांत रुजवणारे किमॉन निकोलाइडिस पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या कॅमोफ्लाज विभागात फ्रान्समध्ये होते, आणि तिथल्या कामात असे नकाशे त्यांना बारकाईनं अभ्यासावे लागले. पुढं न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. १९३८ मध्ये ते गेले, आणि त्यांचं ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ हे पुस्तक १९४१ मध्ये निघालं. त्यांच्या शिकवणीचं सार मी वर्गात असं सांगते: पेन्सिलीचं टोक कागदावर नसून मिरचीच्या सालीवर टेकलं आहे असं मनापासून मानायचं, आणि तो स्पर्श जाणवल्याशिवाय हात हलवायचा नाही.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. कागद टेबलाला चारी कोपऱ्यांत चिकटपट्टीनं लावा, नाहीतर तो सरकतो आणि तुम्ही खाली बघता. मिरची खिडकीजवळ ठेवा, उजेड एकाच बाजूनं यावा. पेन्सिलीऐवजी साधं बॉलपेन घ्या असा माझा आग्रह आहे. पेन्सिल हातात आली की खोडरबर आठवतं, आणि खोडरबर आठवलं की नजर कागदावर जाते. पोस्टकार्डाएवढ्या जाड पुठ्ठ्याला मधोमध भोक पाडून त्यातून पेन खाली घाला. हात पुठ्ठ्याखाली झाकला जातो आणि बघायचा मोहच उरत नाही. मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावा. देठाच्या टोकावर नजर ठेवा, पेनही टेकवा आणि मुंगी चालेल त्या वेगानं निघा. नजर मुंगीची, हात तिच्या मागोमाग. सुरकुती आली की आत शिरा, ती विरते तिथवर जा, आणि आलात त्याच वाटेनं परत कडेवर या. कागदाकडे बघायचं नाही.

दहा मिनिटं फार वाटतील. तिसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो. माझ्या वर्गात याच सुमाराला कुणीतरी पाणी प्यायला उठतं. उठू नका. तोवर तुम्ही मिरचीचं नाव पाहत होता, आणि नाव संपल्यावर डोळ्याला दुसरं काही उरत नाही म्हणून तो कंटाळतो. चौथ्या-पाचव्या मिनिटाला सालीवर काहीतरी नवं दिसू लागतं. दोन सुरकुत्यांच्या मधला फुगवटा, टोपीची दातेरी कड, एका जागी साल पातळ होऊन आतल्या बियांचा उठाव. मला स्वतःला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी मिरची उचलून कानाशी हलवली होती, बिया वाजतात का ते बघायला. वाजल्या.

गजर झाल्यावर कागद पाहाल तर चित्र वेडंवाकडं असेल. सुरुवात आणि शेवट जुळणार नाहीत, टोपी एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे. या कामात तसंच होतं. आता त्या कागदावर बोटाच्या पेराएवढा असा एक तुकडा शोधा जिथं रेषा खरी वाटते, जिच्यात मिरची आहे. प्रत्येकाच्या कागदावर असा एक तुकडा सापडतोच; आजवर माझ्या वर्गात कुणाचा कागद त्यावाचून गेलेला नाही. त्याभोवती लाल पेन्सिलीनं चौकट करा, खाली तारीख घाला. हाच तुकडा पुढं कामाला येणार आहे.

याच मिरचीची आठवडाभर रोज अशी दोन चित्रं करा. त्यानंतर पुठ्ठा काढून टाका आणि फक्त रेषेची जागा बदलताना कागदाकडे बघायची मुभा घ्या. रेषा ओढताना नजर वस्तूवरच. प्रमाण आपोआप सुधारतं, आणि आधीच्या आठवड्यातला संथपणा हातात टिकून असतो. ज्यांनी तो आठवडा गाळून थेट इथून सुरुवात केली, त्यांच्या रेषेत हा संथपणा येत नाही हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आणखी एक प्रकार थोडक्यात सांगते. मिरचीला, तांब्याला किंवा दुधी भोपळ्याला पांढरा दोरा सैलसर गुंडाळा आणि फक्त तो दोरा काढा, वस्तू नाही. दोरा जिथं वर चढतो, खाली उतरतो, मागं नाहीसा होतो, तेवढ्यावरून कागदावर वस्तूची गोलाई उभी राहते. नक्षीकामात रेषांनीच फुगवटा दाखवायचा असेल तेव्हा हा सराव उपयोगी पडतो.

आता डिझाइनकडे येऊ. आमच्या गल्लीतल्या एक काकू घरी सांबार मसाला आणि लाल तिखट करून विकतात. त्यांच्या पाकिटावरच्या मिरचीचं चित्र इंटरनेटवरून घेतलेलं होतं. तीच चंद्रकोर, तीच टोपी. दुकानातल्या फळीवर अगदी तशीच मिरची आणखी चार पाकिटांवर होती. “चित्र कोण बघतं गं, चव बघतात,” असं त्या म्हणायच्या. पण गिऱ्हाईक पहिल्यांदा चव घेतं कुठं? पहिल्यांदा ते पाकीटच उचलतं. त्यांच्याच डब्यातल्या मिरच्यांवरून आम्ही नवं चित्र करायचं ठरवलं आणि ते जसं होत गेलं तसंच तुम्हाला सांगते.

काकूंनी स्वतः पुठ्ठ्याखाली हात घालून नऊ चित्रं काढली. मी एकही काढलं नाही. त्यातलं चौथं खरं निघालं: मिरचीच्या मध्याच्या जरा खाली एक लांब सुरकुती तिरपी उतरते आणि कडेला मिळते तिथं कड किंचित आत दबते. त्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून ते खिडकीच्या काचेला लावलं. उन्हात काचेसारखं लाइटबॉक्सचं काम दुसरं काही करत नाही. मग फक्त निवड केली. मूळ चित्रात वीसेक रेषा असतील. पहिल्या ट्रेसिंगमध्ये अकरा घेतल्या. त्यावर दुसरा कागद ठेवून सात घेतल्या, आणि तिसऱ्यात चार. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा: ही रेषा काढून टाकली तर ही ब्याडगीच राहते का? राहत असेल तर रेषा जाते. टोपीचे दाते गेले, बियांचा उठाव गेला, शेपटीजवळचा सुंदर पीळही गेला, आणि त्याचं मला वाईट वाटलं. तिरपी सुरकुती आणि कडेचा तो दाब राहिला. तो काढल्याबरोबर मिरची पुन्हा पाटीवरची मिरची झाली, म्हणून परत आणला.

इथं बहुतेकांची एक चूक होते. निवड करताना ते रेषा गुळगुळीत करत जातात. कागदावर हात थरथरला होता ती जागा नीट करतात, वळणं सारखी करतात, दोन्ही बाजू जुळवतात. रेषा कमी करणं वेगळं आणि नीट करणं वेगळं. संख्या कमी करा. उरलेल्या रेषेच्या वळणाला हात लावू नका. दहा मिनिटांच्या कंटाळ्यातून जे मिळालं ते त्या वळणातच साठलेलं असतं.

चित्र संगणकावर घेतानाही हीच काळजी घ्या. इंकस्केप फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं. त्यात फोटोवरून आपोआप रेषा काढून देणारी सोय आहे, पण तिनं बिंदूंचा नुसता ढीग तयार होतो आणि रेषेला दोन्हीकडून कडा फुटतात. त्यापेक्षा फोटो खाली ठेवून पेनच्या अवजारानं हातानं रेषा घ्या. वळण जिथं सगळ्यात बाहेर येतं आणि जिथं सगळ्यात आत जातं, तिथंच बिंदू टाका. आमच्या चार रेषांना मिळून सोळा बिंदू लागले.

मग आकार. चित्र छापून दोन सेंटिमीटरचं करा, भिंतीला लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. आमच्या चित्रात सुरकुती आणि कड यांच्यामधली फट बुजून तिथं काळा ठिपका दिसू लागला. तेव्हा रेषा बारीक करण्याऐवजी सुरकुती कडेपाशी थोडी आधीच थांबवली. मोकळी जागा मिळताच डोळा उरलेलं अंतर स्वतःच पार करतो. रेषेच्या जाडीसाठी तुमच्या छपाईवाल्याला आधीच विचारा. कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग करायचं असेल तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेषेवर विसंबू नये. शाई कापडात पसरते, आणि बारीक रेषा एकतर तुटते किंवा शेजारणीला चिकटते. आधी एकाच रंगात, काळ्यात, चित्र उभं राहू द्या. लाल रंग शेवटी. काळ्यात जी मिरची ओळखू येत नाही ती लालमध्येही फक्त लाल दिसते.

आमच्याकडे आणखी एक अडचण येते, आणि ती सोलापूर-बेळगावकडच्यांनाही ओळखीची असेल. पाकिटावर दोन लिप्या. देवनागरीच्या माथ्यावर शिरोरेषा सरळ पडलेली असते. कन्नड अक्षरं गोलसर, आणि त्यांच्या माथ्यावर छोटं वळण, ज्याला इथं तलकट्टु म्हणतात. मिरची आडवी ठेवली तर ती शिरोरेषेशी भांडते, एकाच दिशेच्या दोन रेषा एकमेकींचं बळ काढून घेतात. उभी तिरपी ठेवली तर देठाचं टोक कन्नड अक्षरांच्या वळणांजवळ आपोआप त्यांच्यातलंच होऊन जातं. आम्ही तिरपी ठेवली, देठ कन्नड नावाकडे, शेपूट मराठी नावाच्या सुरुवातीला. शाकाहाराचा हिरवा ठिपका, वजन, तारीख यांची जागा पहिल्या कच्च्या चित्रातच आखून ठेवा. मागाहून त्या कुठंतरी कोंबल्या की चांगलं चित्रही गुदमरतं.

आता कसूतीबद्दल लिहिते, कारण या सगळ्या विषयात माझा जीव तिच्यातच जास्त आहे. कसूती ही आमच्या धारवाड भागाची भरतकामाची पद्धत. इरकल साडीवर, आणि खास करून काळ्या साडीवर ती फार खुलते. मराठी घरांतली संक्रांतीची चंद्रकळा आठवा. तशाच काळ्या जमिनीवर तांबड्या, नारिंगी, हिरव्या, जांभळ्या धाग्यांत गोपुरं, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन. कापडावर आधी काही छापत किंवा आखत नाहीत, ताणे-बाणे मोजूनच टाका घालतात, आणि गाठ मारत नाहीत. तिच्यात चार टाके आहेत. मेंथी म्हणजे मेथीदाण्यासारखा फुलीचा टाका, नेगी विणल्यासारखा दिसणारा, मुरगी पायऱ्यापायऱ्यांनी जाणारा, आणि गवंती. गवंतीत धावता दोरा एक टाका वर, एक टाका खाली असा पुढं जातो आणि त्याच वाटेनं परत येताना राहिलेल्या जागा भरतो. म्हणून कापड दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं.

मघाशी मिरचीच्या सुरकुतीत शिरून त्याच वाटेनं परत यायला सांगितलं होतं. गवंतीची चाल हुबेहूब तीच आहे. बाहेरच्या कडेवरून जाताना फाटा आला की आत शिरायचं, टोकापर्यंत जायचं, मागं वळून फाट्याच्या तोंडाशी यायचं आणि पुढं निघायचं. फाट्यात सम टाके असोत की विषम, परत आल्यावर वर-खालीचा हिशेब बरोबर जुळतो, कारण जितके टाके जाताना घातले तितकेच येताना पडतात. फक्त सगळ्या रेषा एकमेकींना जोडलेल्या हव्यात. मिरचीतली सुरकुती कडेला न टेकता मध्येच तरंगत असेल तर तिच्यापर्यंत जायला दोऱ्याला वाटच नाही. म्हणून पाकिटासाठी जी फट ठेवली होती, ती कसूतीसाठी आम्हाला पुन्हा बुजवावी लागली. एकाच रेषाचित्राची दोन कामांसाठी दोन रूपं करायला संकोच करू नका.

कसूतीसाठी वळण पायऱ्यांत बसवावं लागतं. गणिताची चौकटीची वही घ्या, त्यावर ट्रेसिंग ठेवा आणि रेषा ज्या चौकटीच्या कडेजवळून किंवा कर्णाजवळून जाते तिथं ती ओढून घ्या. इथंही मोह तोच: दोन्ही बाजू सारख्या करायचा. करू नका. मिरचीच्या डाव्या कडेला पाच पायऱ्या आणि उजवीला चार असू देत. नवशिक्यांनी मॅटीच्या कापडावर सुरुवात करावी, त्यावर धागे मोजायला सोपे जातात. हात बसला की इरकलवर. टाके घालण्याआधी चौकटीच्या वहीतल्या रेषेवरून बोट एकदा पूर्ण फिरवा, सुरुवातीच्या बिंदूपासून सगळ्या फाट्यांत जाऊन परत सुरुवातीला. बोट अडकलं तर सुईही अडकणार.

एवढं जमलं की मोठी वस्तू घ्या. देशपांडे नगरात राहून माझ्यासमोर तंबोऱ्याशिवाय दुसरी वस्तू येणार तरी कुठून? गायिका गंगूबाई हनगल याच वस्तीत राहत, आणि त्यांच्या गुरूंचं नाव घेऊन सवाई गंधर्व सभागृह इथंच उभं आहे. मिरजेहून येणाऱ्या तंबोऱ्याचा भोपळा शेतात वेलीवर वाढतो, म्हणून दोन तंबोऱ्यांचे भोपळे कधीच एकसारखे नसतात. कुणाचा डावीकडे जास्त भरलेला, कुणाची बैठक चपटी. आपण मनानं तंबोरा काढतो तेव्हा खाली एक वर्तुळ आणि वर एक काठी काढतो. इथं मिरचीचाच धडा आहे, फक्त कागद मोठा.

अशा मोठ्या वस्तूलाही कमी रेषा कशा पुरतात हे चित्रकार के. के. हेब्बर यांच्याकडून शिकावं. ते उडुपीजवळचे. मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि मुंबईचेच झाले. त्यांच्या रेखाचित्रांचं ‘द सिंगिंग लाइन’ हे पुस्तक १९६४ मध्ये निघालं. गायक, वादक, नर्तक कमीत कमी रेषांत. ते मिळालं तर एक गोष्ट मुद्दाम पाहा: रेषा कुठं सुरू होते यापेक्षा ती कुठं सोडून दिली आहे. ग्रंथालयात बसून एकाच चित्रावरून हवेत बोट फिरवा, न थांबता. तुमचं बोट जिथं उचलावं लागेल ती जागा चित्रकारानं विचार करून निवडलेली असते.

मागच्या पावसाळ्यात ओळखीच्या घरी छोटी मैफल होती आणि निमंत्रणपत्रिकेसाठी चित्र हवं होतं. वर्गातल्या मुलांनी भिंतीला टेकवलेले दोन तंबोरे अर्धा तास रेखाटले. मी त्यांना तंबोरे काढू नका, दोघांच्या मधली भिंत काढा असं सांगितलं. दोन दांड्या वर एकमेकींपासून लांब जातात, खाली भोपळे जवळ येतात, आणि मध्ये उलट्या थेंबासारखी जागा राहते. तो थेंब नीट आला की दोन्ही तंबोऱ्यांची आतली कड आपोआप नीट येते, आणि गाणारी व्यक्ती त्याच जागेत बसणार असते. निमंत्रणावर आम्ही गायकाचं चित्र घातलं नाही. थेंब रिकामा ठेवला आणि त्यात तारीख व वेळ लिहिली.

पत्रिका हाताच्या पंजाएवढी. त्या मापात चार तारा काढल्या तर त्यांची एक जाड करडी पट्टी होत होती. दोन काढल्या तर वाद्यच बदलत होतं. बराच वेळ गेला यात. शेवटी आठवीतल्या एका मुलीनं सगळ्या तारा पुसल्या आणि कागद भिंतीला लावून लांब जाऊन उभी राहिली. भोपळ्याच्या कडेपासून वरपर्यंत दांडी मोकळी होती, तरी तारा आहेत असंच वाटत होतं. खुंट्या मात्र तिनं चारही ठेवल्या होत्या, दोन समोर, दोन बाजूंना, एक जराशी जास्त पिळलेली.